छोट्या वारसा-संस्थेची वेबसाइट: लोकांची माहिती आणि कुकी, पायरीपायरीनं

गिरगावातल्या आमच्या वारसा-संस्थेच्या वेबसाइटवर तीन वर्षं असं लिहिलेलं होतं, की तुमच्या माहितीच्या वापराबद्दल तक्रार असेल तर इंग्लंडातल्या विल्म्स्लो गावी माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला कळवा. त्याच पानावर खाली 'गिफ्ट एड'बद्दल दोन परिच्छेद होते. ही ब्रिटनमधली देणग्यांवरची करसवलत. आमचे निम्मे देणगीदार ठाकूरद्वार ते ऑपेरा हाउस एवढ्या टापूत राहणारे! वेबसाइट करून देणाऱ्यानं कुठल्यातरी ब्रिटिश संस्थेचं गोपनीयता धोरण उचललं, नाव बदललं आणि चिकटवलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तीन वर्षांत आमच्यापैकी एकानंही ते पान उघडलं नव्हतं.

ते दुरुस्त करायला बसले तेव्हा वाटलं होतं, एका संध्याकाळीत नवीन मजकूर लिहून होईल. लागले तीन महिने. कारण 'आम्ही तुमची अमुक माहिती घेतो' असं लिहायचं तर आपण नक्की काय घेतो हे आधी माहीत हवं, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून पहिला सल्ला असा, की धोरणाचं पान सगळ्यात शेवटी लिहा. आधीच्या पायऱ्या खाली देते आहे. आमच्यासारख्या, म्हणजे पगारी माणूस नसलेल्या आणि नोकऱ्या सांभाळून चालवलेल्या संस्थांना त्या उपयोगी पडाव्यात.

कायदा, कामापुरता

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. धर्मादाय संस्था म्हणून सरसकट सूट नाही. दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपये आहे. हा आकडा ऐकून आमचे खजिनदारकाका आधी हसले आणि मग म्हणाले, "अगं, आपल्या खात्यात अडीच लाख नाहीत, आपल्याला कोण विचारतंय?" एवढा दंड छोट्या न्यासाला कुणी लावेल असं मलाही वाटत नाही. पण एका देणगीदाराचा पॅन आपल्याकडून बाहेर गेला तर दंडाआधीच संस्थेचं नाव जाईल, हे काकांना लगेच पटलं.

तीन गोष्टी मनात पक्क्या ठेवा. एक, कायदा डिजिटल माहितीला लागू होतो. वारसा-फेरीच्या (लोकांना जुना परिसर पायी हिंडून दाखवतो ती) सुरुवातीला नावं लिहायला फिरवलेली वही त्यात येत नाही, पण ती वही घरी नेऊन एक्सेलमध्ये उतरवली की येते. दोन, ब्रिटन-युरोपातल्या धोरणांत 'आमच्या रास्त हितासाठी' असा एक आधार सारखा दिसतो. आपल्या कायद्यात तो आधार नाही. आपल्याकडे संमती लागते, नाहीतर कायद्यानं मोजून दिलेल्या कारणांत बसावं लागतं. तिकडचा मजकूर उचलला की नेमकी इथेच चूक होते. तीन, १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली जाते आणि तिची माहिती घ्यायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते.

पायरी १: माहिती कुठून आत येते ते कागदावर मांडा

वेबसाइटचं प्रत्येक पान उघडा आणि जिथे जिथे माणूस काही टाइप करू शकतो ती जागा लिहून घ्या. आमच्याकडे सहा निघाल्या: संपर्काचा फॉर्म, फेरीची नोंदणी, देणगी, बातमीपत्र, स्वयंसेवक व्हायचा अर्ज, आणि 'तुमच्याकडचे जुने फोटो पाठवा' हे पान. सातवी कुणाच्या लक्षातही नव्हती. २०१९ च्या एका निबंध स्पर्धेचा फॉर्म मेनूतून काढला होता, पण लिंक चालू होती. त्यात शाळकरी मुलांची नावं, जन्मतारखा आणि घरचे पत्ते तसेच पडून होते.

मग पुढचा प्रश्न: तिथून माहिती जाते कुठे? फेरीची नोंदणी एका ईमेलवर यायची, तिथून एक स्वयंसेवक ती शीटमध्ये भरायचा, शीटची लिंक 'लिंक असेल त्या कुणालाही दिसेल' अशी उघडी, आणि तीच लिंक फेरी नेणाऱ्या सहा जणांच्या फोनवर. वर प्रत्येक फेरीचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप. बाणगंगेच्या फेरीला आलेल्या एका बाईंना त्याच ग्रुपमधल्या एका सद्गृहस्थांचे रोज 'शुभ सकाळ' आणि नंतर त्याहून नकोसे मेसेज यायला लागले. त्यांचा नंबर त्या माणसाला आम्हीच दिला होता. त्यानंतर ग्रुप बंद केले. आता ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतो. तिच्यात एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. अडचण एवढीच, की ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो त्यांनाच ते मेसेज पोचतात, म्हणून नोंदणीच्या उत्तरातच 'हा नंबर सेव्ह करा' असं लिहितो.

पायरी २: रकाने कापा

फेरीच्या फॉर्मला आमच्याकडे अकरा रकाने होते. प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारला: हे कळलं नाही तर फेरी अडेल का? उरले तीन. नाव, मोबाइल आणि किती जण येणार. जन्मतारीख, व्यवसाय, पत्ता, 'आमच्याबद्दल कुठून कळलं' हे सगळं गेलं. शेवटचा रकाना ठेवायचा फार आग्रह झाला. त्यावर तोड अशी निघाली, की फेरीच्या सुरुवातीला हात वर करायला सांगायचे आणि मोजायचे.

आधारबद्दल थोडं खडसावून सांगते. काही सुरक्षित आवारांत प्रवेशाला ओळखपत्र लागतं, म्हणून बऱ्याच संस्था नोंदणीतच आधारचा फोटो अपलोड करायला लावतात. 'मूळ ओळखपत्र सोबत आणा, गेटवर दाखवावं लागेल' एवढं लिहिलं तरी पुरतं. आवाराच्या व्यवस्थापनाला आधी यादी हवी असेल तर ते मागतील तेवढेच तपशील द्या. आधार कार्डांचे दोनशे फोटो संस्थेच्या ईमेलात पडून राहण्याचं काहीही कारण नाही.

शाळांच्या सहलींना तर नावंच घेऊ नका. 'सातवीची ४२ मुलं, ३ शिक्षक, जबाबदार शिक्षकाचा नंबर' एवढ्यावर सहल नीट होते. मुलांची माहिती आपल्याकडे आलीच नाही, तर पालकांच्या संमतीची भानगडही आपल्या गळ्यात पडत नाही.

देणगीचं पान मात्र वेगळं. करसवलतीची पावती हवी असेल तर नाव, पत्ता आणि पॅन लागतोच, कारण संस्थेला प्राप्तिकर खात्याकडे दरवर्षी देणग्यांचं विवरणपत्र भरावं लागतं. सगळे ज्याला १०बीडी म्हणून ओळखतात तेच. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यानं कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा पानावर कुठला उल्लेख करायचा ते सीएंना विचारून घ्या. पण ज्याला सवलत नकोच, त्याचा पॅन मागायचं कारण नाही. पॅनचा रकाना 'करसवलतीची पावती हवी' या चौकटीवर खूण केल्यावरच उघडेल असा ठेवा. कार्डाचे नंबर आपल्याकडे येताच कामा नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांना ते साठवता येत नाहीत. पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेच्या, पानावर माणूस गेला, पैसे भरून परत आला, आपल्याला फक्त व्यवहार क्रमांक मिळाला, अशी रचना हवी.

पायरी ३: कुकी मोजा

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो. स्टँडवाल्याला तुमचं नाव ठाऊक नसतं, पण बिल्ला दाखवला की तुमची जोडी हातात येते. कुकी म्हणजे हाच बिल्ला. वेबसाइटला स्वतःची स्मरणशक्ती नसते. पान उघडणारा आत्ताचा माणूस आणि मघाचा माणूस एकच, हे तिला कळत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी त्यावर हा उपाय काढला. इथवर कुणाची तक्रार नाही. पण समजा, मुंबईतल्या सगळ्या देवळांबाहेरचे स्टँड एकाच ठेकेदाराचे आहेत आणि तो प्रत्येक ठिकाणी तोच बिल्ला ओळखतो. सोमवारी बाबुलनाथ, मंगळवारी सिद्धिविनायक, शनिवारी कुठे, हे सगळं त्याच्या वहीत. दुसऱ्या कंपनीच्या कुकी असं काम करतात.

आपल्या कायद्यात कुकी हा शब्द नाही. पण त्या बिल्ल्यावरून माणूस ओळखता येत असेल तर ती वैयक्तिक माहितीच झाली, असं धरून चाला.

मोजायचं असं. लॅपटॉपवर क्रोममध्ये गुप्त विंडो उघडा आणि संस्थेची वेबसाइट टाका. कुठेही क्लिक करू नका. एफ१२ दाबा, वरच्या पट्टीतून 'ॲप्लिकेशन' निवडा, डावीकडे 'कुकीज' उघडा. दिसेल तो तक्ता उतरवून घ्या: नाव, कुणाच्या पत्त्याची, मुदत कधी संपते. मग फेरीचं पान, व्हिडिओचं पान, देणगीचं पान असं एकेक उघडत तक्ता वाढतो का ते पाहा.

आमच्या साइटवर काहीही न करता नऊ कुकी बसल्या. दोन कामाच्या होत्या, एक मराठी-इंग्रजी निवडीची आणि एक फॉर्मच्या सुरक्षेची. बाकीच्यांत गूगल ॲनॅलिटिक्सची (किती वाचक आले ते मोजणारी सेवा) दोन वर्षं टिकणारी होती, फेसबुक पिक्सेलची (वाचकानं काय पाहिलं ते फेसबुकला कळवणारा कोड) नव्वद दिवसांची होती, आणि पहिल्याच पानावर लावलेल्या यूट्यूबच्या चित्रफितीमुळे आलेल्या होत्या. पिक्सेल कुणी लावला? खूप शोधाशोध केल्यावर आठवलं, की काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाची जाहिरात दिली होती, तेव्हा जाहिरातवाल्यानं तो टाकला होता. प्रदर्शन चार दिवसांत संपलं. पिक्सेल मात्र तेव्हापासून आमच्या प्रत्येक वाचकाची खबर बाहेर पोचवत होता.

पायरी ४: काढता येईल ते काढा

बहुतेक जण इथे थेट 'कुकी चालतील का' असं विचारणारी संमतीची पट्टी लावायला धावतात. थांबा. पिक्सेल काढून टाका. ॲनॅलिटिक्सबद्दल बैठकीत विचारा, की गेल्या वर्षभरात तो अहवाल कुणी उघडला? आमच्याकडे उत्तर होतं, कुणीच नाही. तोही गेला. किती लोक आले एवढंच हवं असेल तर होस्टिंगच्या (वेबसाइट ठेवायला भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरच्या) पॅनेलमध्ये सर्व्हरच्या नोंदींवरून मिळणारा आकडा छोट्या संस्थेला पुरतो.

व्हिडिओसाठी यूट्यूबच्या 'एम्बेड'मध्ये गोपनीयता वाढवणारा पर्याय आहे, त्यात पत्ता यूट्यूब-नोकुकी असा होतो. त्याहून सोपं म्हणजे चित्रफितीतलं एक दृश्य फोटो म्हणून लावायचं आणि त्यावर लिंक द्यायची. नकाशाचंही तेच: चर्नी रोड स्टेशनातून कसं यायचं ते दाखवणारा साधा नकाशा चित्र म्हणून लावा, खाली गूगल मॅप्सची लिंक. अक्षरांचे फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून येत असतील तर ते उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवा. फॉन्ट कुकी लावत नाहीत, पण वाचकाचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, तिकडे जातोच. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयानं २०२२ मध्ये एवढ्याच कारणावरून एका वेबसाइटला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. तो कायदा आपला नव्हे, पण दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे, मग करून टाकावी.

सफाईनंतर आमच्या दोनच कुकी उरल्या. त्यांच्यासाठी पट्टी लागत नाही. माहितीच्या पानावर दोन ओळी लिहिल्या की झालं. तुम्हाला ॲनॅलिटिक्स किंवा जाहिरात ठेवायचीच असेल तर पट्टी लावा, पण नीट. 'चालेल' आणि 'नको' ही बटणं सारख्याच आकाराची, सारख्याच रंगाची, शेजारीशेजारी हवीत. 'चालेल' हिरवंगार आणि 'नको' तीन क्लिक आत दडवलेलं, असल्या तेरा प्रकारच्या चलाख्या केंद्र सरकारनं २०२३ मध्ये यादी करून ग्राहकांची दिशाभूल म्हणून जाहीर केल्या आहेत. आणि पट्टी लावल्यावर पुन्हा गुप्त विंडो, पुन्हा एफ१२. 'नको' दाबूनही कुकी बसत असतील तर ती पट्टी नुसती शोभेची आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच साइटवर ती तशीच असते.

पायरी ५: आता लिहा, आणि मराठीत लिहा

संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय माणसाला मिळाली पाहिजे, असं कायदा सांगतो. आपले वाचक मराठी, तेव्हा मराठी आधी. सूचना बाकीच्या अटींत मिसळून टाकायची नाही, ती स्वतंत्र आणि सुटी समजली पाहिजे. काय घेतो, कशासाठी घेतो, संमती काढायची (मागे घ्यायची) कशी, हक्क कसे वापरायचे आणि डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार कशी करायची, एवढं हवं. आमच्या फेरीच्या फॉर्मवर आता हे आहे:

'नोंदणीसाठी आम्ही तुमचं नाव, मोबाइल नंबर आणि सोबत किती जण येणार एवढंच विचारतो. पाऊस, मेगाब्लॉक किंवा वेळेतला बदल कळवायला नंबर लागतो. ही यादी आम्ही एक वर्ष ठेवतो, मग पुसतो. पुढच्या कार्यक्रमांची खबर हवी असेल तरच खालच्या चौकटीत खूण करा. नको असेल तरी फेरीला जरूर या. नंतर विचार बदलला तर "संमती काढा" या लिंकवर जा. तुमची माहिती पाहायची, दुरुस्त करायची किंवा पुसायची असेल तर कार्यवाहांना ईमेल करा. त्यांच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर भारतीय डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते.'

चौकटीत आधीच खूण करून ठेवू नका. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढणंही सोपं हवं. एका टिचकीनं घेतलेली संमती काढायला लेखी अर्ज मागणं चालणार नाही. आणि कुणी, कधी, कुठल्या मजकुरावर संमती दिली याची नोंद ठेवा. मजकूर बदलला की जुना तारखेसकट जपून ठेवा.

पायरी ६: किती दिवस ठेवायचं

आम्ही आधी फेरीच्या याद्या महिन्याभरात पुसायचं ठरवलं होतं. नव्या नियमांत माहिती आणि तिच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय, म्हणून मुदत वर्षाची केली. फक्त ती यादी आता एकाच ठिकाणी आहे, कार्यवाहांच्या खात्यात, आणि फेरी संपली की इतरांची परवानगी काढून घेतली जाते. देणग्यांचे हिशेब दहा वर्षं ठेवावे लागतात, ते वेगळे. बातमीपत्राची यादी माणूस 'नको' म्हणेपर्यंत.

दरवर्षी गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही पुसायला बसतो. तारीख ठरलेली नसेल तर हे काम होत नाही.

वेबसाइटवाला, होस्टिंगवाला, ईमेल पाठवणारी सेवा यांच्याशी लेखी करार करा. त्यांच्या हातून काही फुटलं तरी कायद्यापुढे उत्तर तुम्हालाच द्यायचंय. पासवर्ड संस्थेच्या नावावर हवेत. सोडून गेलेल्या स्वयंसेवकाच्या जीमेलवर डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, असणं हा मुंबईतल्या निम्म्या मंडळांचा रोग असावा.

फुटलंच तर: ज्यांची माहिती गेली त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा. सायबर घटना असेल तर सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला, सहा तासांत. हे नंबर आणि पत्ते आत्ताच एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावा.

पायरी ७: आठवणींचा संग्रह

वारसा-संस्थेचं हे खास दुखणं आहे, आणि बाहेरून उचललेल्या धोरणात ते कधीच नसतं. आपण चाळींतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करतो, ध्वनिमुद्रण करतो, घरांचे फोटो काढतो. संशोधन आणि अभिलेख यांसाठीच्या वापराला कायद्यात सूट आहे. अट अशी, की त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल काही निर्णय घ्यायचा नाही आणि नियमांतली मानकं पाळायची. पण सूट आहे म्हणून सगळं वेबसाइटवर टाकायचं का?

आम्ही एका आजींची चाळीस मिनिटांची मुलाखत टाकली होती. वाडीतला गणपती, १९४४ च्या गोदीतल्या स्फोटाच्या ऐकलेल्या आठवणी, नळावरची भांडणं, सगळं फार सुंदर. तिसाव्या मिनिटाला आजी सहज सांगून जातात, की पागडीची पावती अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, मुलगा परदेशात आहे आणि बिल्डरच्या माणसाला त्यांनी दोनदा परत पाठवलंय. फोटोत दारावरची पाटी स्वच्छ वाचता येत होती. पुनर्विकासाची बोलणी चाललेल्या इमारतीत ही माहिती कुणाच्या हाती पडू शकते, ते दक्षिण मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. मुलगी आली, शांतपणे म्हणाली, "ताई, आई तुमच्याशी गप्पा मारत होती. जगाशी नाही." त्याच दिवशी ती फीत उतरवली.

आता मुलाखतीआधी दोन वेगळ्या संमत्या घेतो: संग्रहात ठेवायला एक, वेबसाइटवर टाकायला दुसरी. टाकण्याआधी घरच्यांसमोर ऐकवतो. मालकी, भाडं, भांडणं, आजारपण आणि घरी एकटं कोण असतं, हे भाग जाहीर प्रतीतून काढतो. मूळ ध्वनिमुद्रण कपाटातल्या हार्ड डिस्कवर राहतं. पाट्या आणि खोली क्रमांक फोटोत पुसट करतो.

पायरी ८: स्वतःच अर्ज करून पाहा

सगळं झाल्यावर चाचणी घ्या. घरच्या कुणाला तरी साधा ईमेल करायला सांगा: 'माझी माहिती तुमच्याकडे काय आहे ते कळवा आणि पुसा.' नियमांनी तक्रार निकाली काढायला जास्तीत जास्त ९० दिवस दिलेत. आपल्याला किती लागतात ते मोजा.

आमच्याकडे खजिनदारकाकांच्या काकूंनी अर्ज केला. त्यांचं नाव पाच ठिकाणी सापडलं: नोंदणीच्या यादीत, बातमीपत्रात, कार्यवाहांच्या फोनमधल्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, एका जुन्या शीटच्या दुसऱ्या प्रतीत, आणि काकांच्या खणातल्या निळ्या डायरीत, वाढदिवसाच्या तारखेसकट. पहिल्या चार ठिकाणचं पुसायला दीड तास लागला. डायरी कागदाची आहे, कायदा तिला लागू नाही, असं सांगून काकांनी खण बंद केला.